दम

फक्की मीच मारतो.
आधी शेणाचा सडा, मग दोरी ताणून पांढरी रेघ.
मधली रेघ वाकडी गेली की पोट्टे हसतात.
शाळेत घंटा वाजवणाऱ्या माणसाला
हिवाळ्यात चार रात्री
मनगटावर घड्याळ आणि तोंडात शिट्टी मिळते,
एवढीच काय ती माझी बढती.

खेमराज कोडापे याच रेघांतला.
तीस सेकंदांचा दम
तो अठ्ठाविसाव्यापर्यंत असा न्यायचा,
जसं पंगतीत कोणी वरणाची बादली घेऊन धावावं
आणि थेंब सांडू नये.
मग एक बोट.
कोपऱ्यातल्या पोराच्या गुडघ्याला फक्त एक बोट,
आणि परत.

यंदा शहरातल्या संघानं त्याला बत्तीस लाखांत घेतला.
टीव्हीवर हातोडा पडला तेव्हा
चिचटोल्याच्या पानठेल्यावर
रंगनाथनं चुना लावता लावता बोट उचललं.
"बत्तीस लाख? धरापकडीचे?"
बीटगार्ड म्हणाला, मी रात्री वाघाच्या मागं पायी फिरतो,
मले कोनी बोली लावत नाही.
नर्सबाई सुट्टे पैसे मोजत होत्या,
त्यांनी नुसती गाडीला किक मारली.
देविदास काहीच बोलला नाही.
खेमराजच्या बाजूचा डावा कोपरा तो.
त्याच वर्षी त्याचा खांदा निखळला;
आता राईस मिलमध्ये
पोती उजव्या खांद्यावर घेतो.

मला मात्र तलाव आठवत होता.

आश्विनात पाऊस पाठ फिरवतो,
धान पोटरीत असतं,
आणि मामा तलावाचं तुडूम अडतं.
खालचा डाट गाळात रुतलेला.
मग पतिराम मारबतेला हाक जाते.
तो बिडी विझवतो, उरलेली कानावर ठेवतो,
मग आठवण झाली की काढून दगडाखाली ठेवतो,
आणि पाण्यात शिरतो.
पाळीवरची माणसं भावाबद्दल बोलत राहतात.
एका वर्षी सवयीनं
मी घड्याळाकडं पाहिलं.
चौऱ्याण्णव सेकंद.
वर आला तेव्हा नाकातून रक्त,
आणि पाणी शेतांकडं निघालेलं.
ग्रामपंचायतीनं पाचशे रुपये दिले, तेही दिवाळीनंतर.
मी आकडा कुणाला सांगितला नाही.
कुठल्या गुणपत्रिकेवर लिहिणार होतो?

पतिरामलाच विचारलं मी,
मंडपात, पहिल्या रांगेत,
खेमराजसाठी दोन बोटं तोंडात घालून
शिट्टी मारत होता तेव्हा.
बत्तीस लाख लय नाही झाले?
म्हणाला, "काऊन? घेऊ दे ना त्याले.
मी बुडतो तवा कोन पायते? अंधार.
तो उजेडात बुडते, बावा.
दम तोच हाय. पैसा पायनाऱ्याचा हाय."
आणि पुन्हा शिट्टी.

मला हे पटलं नाही.
झोपेपर्यंत पटलं नाही.
पाहणारे आम्हीच की.
हॅलोजन मैदानावर लावायचा की पाळीवर,
हे कोणी ठरवलं?
पण हेही खरं की
खेमराज त्या रेघेवर आडवा पडून हात लांबवतो तेव्हा
वर्षभर एकमेकांशी न बोलणारी दोन घरं
एकदम उभी राहतात,
आणि माझ्या तोंडातली शिट्टी
वाजायची विसरते.
असं तुडुमाच्या पाण्यानं कधी झालं नाही.
पाणी आलं, की आम्ही घरी गेलो.

यंदा तुडूम अडलं तेव्हा
मी सहावीचा वर्ग पाळीवर नेला.
गुरुजी रजेवर होते, कोण विचारतो.
पतिराम बुडाला.
पोरांनी मोठ्यानं मोजायला सुरुवात केली,
साठनंतर आवाज बारीक होत गेला,
ऐंशीला एक पोरगी रडायला लागली.
मग डोकं वर आलं,
आणि टाळ्या.
अशा, की बगळे उडाले.

पतिराम लाजला.
चिडलाही थोडा, वाटतं.
लुंगी पिळत, माझ्याकडं न पाहता म्हणाला,
"किती?"
ब्याण्णव, मी म्हणालो.
त्यानं दगडाखालची बिडी काढली, ओली झाली का बघितली.
"दोन कमी झाले," म्हणाला.